शेवटची कडा

तेजस : थांबा, थांबा! आला. आत्ता आला. ऐकलंत?

त्रिवेणी : ऐकलं. ब्रेकरवरून उतरताना. टक्, टक्, आणि मग गप्प.

नामदेवराव : कुठं काय आलं? मला तर काहीच ऐकू येईना. तुम्ही दोघं खालीपिली परेशान व्हायलात.

त्रिवेणी : अप्पा, तुम्हाला फोनची घंटीपण ऐकू येत नाही.

नामदेवराव : घंटी ऐकू येते. उचलावा वाटत नाही.

(अंबरपेठेतली भर दुपार. एका नव्याकोऱ्या टिप्परच्या केबिनमध्ये तिघं दाटीवाटीनं बसलेत. स्टेअरिंगवर त्रिवेणी, मध्ये तिचे वडील नामदेवराव, खिडकीशी तेजस. लॉऱ्यांच्या केबिनला आतून छत लावण्यात नामदेवरावांचा जन्म गेला. या टिप्परचं छत मात्र त्रिवेणीच्या डोक्यातून निघालेलं, आणि टिप्पर बनवणाऱ्या कंपनीचा पुण्याहून आलेला इंजिनिअर तेजस ते तपासायला बसलाय. छत बाईंचं, गाडी कंपनीची आणि आवाज कुणाचा, हे अजून कुणालाच ठाऊक नाही.)

तेजस : त्रिवेणी, मी स्पष्टच बोलतो. उद्या सकाळी साहेब स्वतः या केबिनमध्ये बसून खडीच्या खाणीपर्यंत जाणार आहेत. वाटेत हा आवाज त्यांच्या कानावर पडला, की पुढचं काही ऐकून घेणार नाहीत. म्हणतील, जुन्या पद्धतीनं करा. पत्र्याला सोल्यूशन फासा, रेक्झिन चिकटवा, विषय संपला.

त्रिवेणी : मग पत्रा तापला की रेक्झिन तापणार, आणि रेक्झिन तापलं की ड्रायव्हरचं डोकं.

तेजस : अहो, मला कशाला पटवताय? मीच तर साहेबांशी भांडून हा नमुना लावायला घेतला.

नामदेवराव : जुनी पद्धत म्हणजे माझी. सरळ म्हणा ना, साब.

तेजस : काका, तसं नव्हतं म्हणायचं.

नामदेवराव : म्हणा हो, लाइट घेतो मी. पूर्ण जिंदगी सोल्यूशनच्या वासात गेली. विजयवाड्यापासून नांदेडपर्यंत माझ्या छताखाली ड्रायव्हर झोपलेत. पण एका छतानं कधी तोंड उघडलं नाही. हे तुमचं क्लिपावालं पहिल्याच दिवशी बोलायला लागलं.

त्रिवेणी : तुमचं छत बोललं नाही, अप्पा. पण शिवराज...

नामदेवराव : बोल की. थांबलीस कायको?

त्रिवेणी : काही नाही. ब्रेकर आला.

तेजस : शिवराज कोण?

त्रिवेणी : माझा धाकटा भाऊ. टिप्परच चालवतो. गेल्या मे महिन्यात घटकेसरच्या बाजूला, अशाच दुपारी, त्यानं स्टेअरिंगवर मान टाकली. ऊन लागलं. गाडी मातीच्या ढिगात घुसून थांबली म्हणून वाचला. दवाखान्यात बर्फ लावून लावून शुद्धीवर आणला त्याला.

तेजस : बाप रे. आणि आता?

त्रिवेणी : आता ठीक आहे. घरात बसून आईचं डोकं खातो. तुमच्या कंपनीचे हे नवे टिप्पर आले की त्यातल्याच एकावर चढणार आहे. मालकाला शब्द देऊन बसलाय.

तेजस : हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?

त्रिवेणी : सांगितलं असतं तर तुम्ही दया करून छत पास केलं असतं. दयेनं केबिन गार होत नाही, सर. छत चांगलं आहे म्हणून पास व्हायला पाहिजे.

तेजस : छत चांगलं आहेच. काल दुपारी मी हात लावून बघितलं. वरचा पत्रा असा, की चपाती भाजून निघेल. आणि आतून नुसतं कोमट. पत्रा आणि छत यांच्यामध्ये तुम्ही जी मोकळी फट ठेवलीय ना, तीच खरं काम करते.

त्रिवेणी : फट ठेवायची म्हणून तर चिकटवता येत नाही. म्हणून क्लिपा.

तेजस : आणि तिथंच माझी भीती आहे. वरच्या पट्ट्यांना क्लिपांसाठी जी भोकं पाडली, त्यांचं ड्रॉइंग माझं. एखादं भोक जरा मोठं झालं असेल, तर क्लिप त्यात हलणार आणि वाजणार. म्हणजे चूक माझी. आणि उद्याच्या आत सगळ्या पट्ट्या बदलणं काही शक्य नाही.

त्रिवेणी : भोकं बरोबर आहेत. प्रत्येक क्लिप मी स्वतः दाबून बघितलीय. बसताना टक् म्हणून बोलली की समजायचं, धरली. एकही मुकी राहिली नाही.

तेजस : मग वाजतंय काय?

त्रिवेणी : तेच तर. देवा, उद्याच्या दिवस तरी वाजू देऊ नको.

नामदेवराव : मी एक सांगू? थोडं सोल्यूशन मारू. कडेकडेनं. कुणाला दिसणारपण नाही.

त्रिवेणी : अप्पा! कडा चिकटवली तर छत पुन्हा उघडणार कसं? वरची वायर जळली तर? तुमच्या छतात दिव्याची वायर बदलायची म्हटलं तर अर्धं रेक्झिन फाडावं लागायचं. विसरलात?

नामदेवराव : फाडायचं, पुन्हा लावायचं. तेवढाच धंदा.

तेजस : काका, हे साहेबांसमोर नका बोलू.

त्रिवेणी : आता इथून उजवीकडे वळवते. मशिदीला वळसा घालून परत आपल्या शेडकडे. तुम्ही फक्त कान द्या.

तेजस : वळवा. हां... आला! माझ्या डोक्यावर, इथं, खिडकीच्या वर.

त्रिवेणी : मघाशी तर माझ्याकडे वाजला होता.

तेजस : मघाशी आपण कुठं वळलो होतो?

त्रिवेणी : डावीकडे. नाल्याच्या कोपऱ्यावर.

तेजस : म्हणजे डावीकडे वळलो की तुमच्याकडे, आणि उजवीकडे वळलो की माझ्याकडे?

त्रिवेणी : सर, सैल क्लिप असती तर एकाच जागी वाजली असती. ती काय उठून दुसरीकडे बसायला जाते?

तेजस : नाही. हे तर फिरतंय. क्लिप नाहीच ही! आत काहीतरी सुटं आहे.

त्रिवेणी : स्क्रू? दिव्याचा एखादा स्क्रू आत पडला असेल?

तेजस : स्क्रू असता तर खणखणला असता. हे जरा बोदं वाजतंय. घरंगळतंय. गोल काहीतरी असणार.

नामदेवराव : काय म्हणायलात? गोल?

तेजस : हो काका. छताच्या वर काहीतरी गोल वस्तू इकडून तिकडे घरंगळतेय. तुम्हाला ऐकू येत नसेल तर हात लावून बघा. वर, तळवा टेकवून ठेवा. त्रिवेणी, जरा हळू घ्या आणि पुन्हा वळवा.

त्रिवेणी : वळवते.

नामदेवराव : हल्लू. हल्लू ने, पोरी.

त्रिवेणी : लागलं हाताला?

(नामदेवराव छताला टेकवलेला तळवा झटकन खाली घेतात.)

त्रिवेणी : अप्पा?

नामदेवराव : गाडी बाजूला घे.

तेजस : काय झालं, काका? चक्कर येतेय का?

नामदेवराव : नाही, नाही. घसा सुकला. त्रिवेणी, तू असं कर, चहा सांगून ये. तेजसबाबूंनापण सोबत ने. कोपऱ्यावरच्या हॉटेलात उस्मानिया बिस्किट ताजं असतंय या वेळेला. पुण्याच्या माणसाला खाऊ घाल.

त्रिवेणी : आणि तुम्ही?

नामदेवराव : मी बसतो इथंच. बघतो जरा छताचं काय ते.

तेजस : काका, चहा नंतर. आता कुठं आपल्याला धागा सापडतोय.

नामदेवराव : चहा पिऊन या, धागा कुठं पळून जायला नाही.

त्रिवेणी : अप्पा.

नामदेवराव : काय?

त्रिवेणी : मी परकर घालत होते तेव्हापासून बघतेय. छताची शेवटची कडा लावायची वेळ आली की तुम्ही मला चहा सांगायला धाडता. आधी वाटायचं, तुम्हाला चहाची तलफ येते. परत येऊन बघावं तर कडा बसलेली. परवापण तसंच झालं. तीन कडा मी बसवल्या, चौथीला तुम्ही म्हणालात, चहा सांगून ये.

नामदेवराव : तलफच येते.

त्रिवेणी : माझ्याकडे बघून बोला. आत काय टाकलंत?

नामदेवराव : काय टाकणार मी?

त्रिवेणी : अप्पा!

नामदेवराव : सुपारी.

तेजस : काय?

नामदेवराव : सुपारी हो, साब. पूजेची. हळदकुंकू लावून. एकच.

तेजस : छतात?

नामदेवराव : प्रत्येक गाडीच्या छतात एक ठेवतो. माझा बाप काचिगुड्याला टांग्यांचे टप शिवायचा. शेवटचा टाका घालायच्या आधी सुपारी आत सोडायचा. म्हणायचा, आपण दुसऱ्याच्या डोक्यावर काहीतरी घालायलोत, त्याच्या डोक्याची जिम्मेदारी घ्यायला नको का? आणि कुणी बघत असताना ठेवायची नाही. ठेवणाऱ्यानं एकट्यानं ठेवायची. बघितली की तिचं बळ जातं.

त्रिवेणी : म्हणून मला चहाला!

नामदेवराव : मग काय, सिनेमाला धाडू?

तेजस : थांबा, मला जरा हसू द्या. म्हणजे माझी भोकं ठीक आहेत? कालपासून मला झोप नाही, काका! सकाळी तर मी राजीनाम्याचा मजकूर मनातल्या मनात जुळवत होतो.

त्रिवेणी : मी तर आज संध्याकाळी शिवराजला सांगणार होते, तुझ्या नव्या गाडीला जुनंच छत येणार म्हणून. त्याच्यासमोर तोंड कसं उघडायचं तेच कळत नव्हतं. अप्पा, तुम्ही पण ना! इतक्या वर्षांत एकदाही कशी नाही वाजली?

नामदेवराव : कशी वाजेल? माझ्या छतात कडेला, रेक्झिनच्या आत, कापूस ठासून भरलेला. सुपारी त्यात अशी बसायची, जशी बाळंतीण गोधडीत. हलायला जागाच नाही. आता तू मधी फट ठेवलीस. मला वाटलं, फटीत ठेवली काय आणि कापसात ठेवली काय, सुपारी ती सुपारी. ती पळापळी करंल हे कुणाला माहीत!

त्रिवेणी : आणि ती पळायला लागली तेव्हा तुम्हाला ऐकू आली नाही.

नामदेवराव : कानाचं नको काढू. आजूबाजूला दिवसभर पत्रे ठोकतात, त्यात कुणाचा कान राहील?

तेजस : बरं, आता ती काढायची कशी? छत उतरवताना कापड फाटलं, तर उद्यासाठी दुसरं नाही.

त्रिवेणी : सर, क्लिपा कशासाठी आहेत? ती चपटी पट्टी द्या इकडे. मागची कडा. ही एक निघाली. ही दुसरी. अप्पा, तुम्ही मधे हात धरा, छत एकदम खाली यायला नको. सर, तुम्ही त्या कोपऱ्याला.

तेजस : धरलंय.

त्रिवेणी : आता हलकेच खाली. अजून थोडं.

तेजस : आई गं! सरळ नाकावर.

नामदेवराव : लागलं का हो?

तेजस : नाही, नाही. ही घ्या तुमची सुपारी. कुंकू लागलं माझ्या नाकाला, तेवढं पुसतो.

नामदेवराव : पुसू नका. शुभ असतंय.

त्रिवेणी : आणि बघा, कापडाला सुरकुतीपण नाही. आता ऐका हं. टक्. टक्. टक्. बसली कडा.

नामदेवराव : इतक्यात?

त्रिवेणी : इतक्यात.

नामदेवराव : माझं असतं तर आज दुपार फाडण्यात आणि उद्याचा दिवस चिकटवण्यात गेला असता. हौ, हे बरं काढलंस तू. मी पहिल्या दिवसापासून नक्को नक्को म्हणायलो, पण हे बरं आहे.

त्रिवेणी : पुन्हा बोला.

नामदेवराव : एकदा बोललो ना. गाडी काढ.

तेजस : हो, काढा. त्याच वळणावरून. सगळे ब्रेकर घ्या, एकही चुकवू नका.

त्रिवेणी : घेते. हा पहिला...

तेजस : काही नाही.

त्रिवेणी : डावीकडे वळलो.

तेजस : काही नाही! एकदम चिडीचूप.

त्रिवेणी : आता मशिदीचा वळसा. हा मोठा ब्रेकर. धरून बसा.

तेजस : माझे दात वाजले. छत नाही वाजलं.

नामदेवराव : मला तर आधीपण असंच ऐकू येत होतं.

त्रिवेणी : अप्पा, तुम्ही ना! हसवू नका, मला समोरचा रस्ता दिसेना झालाय.

तेजस : त्रिवेणी, रडताय की हसताय?

त्रिवेणी : दोन्ही. कालपासून छातीवर धोंडा होता, सर. तो उतरला. आता काही बोलू नका, मला नीट शेडमध्ये लावू द्या गाडी.

नामदेवराव : लाव, माझी माय. हल्लू लाव.

तेजस : लागली. उत्तम. उद्या मी साहेबांसमोर मुद्दाम एक कडा उघडून दाखवणार. म्हणणार, बघा, उघडतंही, बंदही होतं, आणि वाजत नाही.

त्रिवेणी : आणि सुपारीचं सांगणार?

तेजस : विचारलं तर सांगीन. साहेबही आपल्यातलेच आहेत, दसऱ्याला लॅपटॉपला झेंडूचा हार घालतात. काका, सगळं निभावलं आता.

नामदेवराव : निभावलं, हौ. पोरीला एक सांगायचं राहिलं. मघाशी शिवराजचं नाव काढून ती थांबली. मला माहीत आहे कायको थांबली.

त्रिवेणी : अप्पा, जाऊ द्या ना.

नामदेवराव : जाऊ कसं देऊ? साब, शिवराज त्या दिवशी जी गाडी चालवत होता ना, तिचं छत माझ्याच हातचं. पत्र्याला चिकटवलेलं. पोरगं माझ्याच छताखाली भाजलं. हिनं ते कधी तोंडावर म्हटलं नाही. नवं छत करायला बसली, तेवढंच.

त्रिवेणी : तुम्हाला काय माहीत होतं? सगळे तसंच करतात. तुमचं छत म्हणून नाही, पत्रा म्हणून तापला.

नामदेवराव : पत्रा तापला हे खरं. पण त्या छतात सुपारी होती, आणि पोरगं परत आलं, हेपण खरं. दवाखान्यात त्याच्या उशाशी बसलो होतो तेव्हा मी तेच धरून बसलो होतो. सुपारी आहे, सुपारी आहे, येईल. आता पुढं तो तुझ्या छताखाली बसणार. थंड आहे, चांगलं आहे, मला पटलं. पण त्याच्या डोक्यावर सुपारी नाही म्हटलं, तर मी रस्त्याकडे बघत बसेन दिवसभर. तुझ्या छतावर भरोसा नाही असं नाही, माय. मी बाप आहे. घाबरतो.

तेजस : काका, सुपारी ठेवायला कुणी नको म्हटलंय? फक्त ती हलायला नको. दिव्याच्या मागे नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, जाड तुकडा लावलाय, त्याला एक घर कापलं तर?

त्रिवेणी : घर कशाला? छताच्या पाठीला नमद्याची छोटी पिशवी शिवते. सुपारीच्या मापाची, घट्ट. बरोबर ड्रायव्हरच्या डोक्यावर. वीत वीतभर उसळली गाडी तरी हलणार नाही.

तेजस : शिवा. आणि पुढच्या सगळ्या गाड्यांच्या छताला पिशवी ठेवा. ड्रॉइंगमध्ये मी दाखवतो. आत काय ठेवायचं ते कंपनी विचारणार नाही. मी जरा बाहेर जाऊन साहेबांना फोन करतो, छत पास म्हणून सांगतो. बिचारे सकाळपासून वाट बघतायत.

त्रिवेणी : सर, नाक...

तेजस : असू दे. शुभ असतंय म्हणे.

त्रिवेणी : गेले. चांगला आहे हो माणूस. अप्पा, सुई-दोरा द्या. आणि ती कैची. मागची कडा पुन्हा उघडली मी. हे बघा, इतकी पिशवी पुरेल? दोन्हीकडून टाका घातला. आता तुम्ही सुपारी आत सारा, मी खालून छत धरते.

नामदेवराव : मी नाही.

त्रिवेणी : का? मी डोळे मिटते हवं तर. बघत नाही.

नामदेवराव : छत कुणाचं आहे?

त्रिवेणी : माझं.

नामदेवराव : मग जिम्मेदारीपण तुझी. धर ही. उजव्या हातात धर. मनात शिवराजचं नाव घे, आणि त्याच्यानंतर जो बसंल त्याचंपण.

त्रिवेणी : अप्पा, तुम्ही कुठं निघालात?

नामदेवराव : तू शेवटची कडा बसव. मी चहा सांगून येतो.